मस्जिद स्टेशनची मशीद

आमच्या हेंद्रेपाड्यातला एक मुलगा यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेला. रोज बदलापूर ते सीएसएमटी लोकलचा प्रवास. एका जुम्याला नमाजनंतर चहाच्या टपरीवर त्याने मला विचारलं, “चाचा, मस्जिद स्टेशनचं नाव कुठल्या मशिदीवरून पडलं?” गाडीतल्या मित्रांमध्ये पैज लागली होती. कुणी मिनारा मशीद म्हणत होतं, कुणी जामा मशीद, कुणी झकेरिया.

मी म्हटलं, “सगळेच हरले. मुंबईच्या इतिहासावर लिहिणारे बरेच जण सांगतात, की हे नाव यहुद्यांच्या मशिदीवरून पडलं.”

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “यहुदियों की मस्जिद? चाचा, मजाक मत करो.” मजा करत नाही हे कळल्यावर म्हणाला, “मग ते नाव बदलायला पाहिजे.”

त्याच्या या वाक्याने मी अस्वस्थ झालो. शहरांची, रस्त्यांची, स्टेशनांची नावं बदला, ही मागणी आपण आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो आणि त्यावर दुखावत आलो. आता तीच मागणी आपल्या गल्लीतला एक चांगला, अभ्यासू मुलगा करत होता. त्याच्या डोक्यात ‘यहुदी’ म्हणजे मोबाइलवर दिसणारी गाझाची राख. त्याने आयुष्यात एकही यहुदी पाहिलेला नाही. कोकणातला, ‘कर’ आडनावाचा, मराठी बोलणारा यहुदी असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला तिथे टपरीवर जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितो आहे.

सॅम्युएल स्ट्रीटवरची जुनी मशीद

बदलापूरची फास्ट लोकल मस्जिदला थांबत नाही. भायखळ्याला उतरून स्लो पकडावी लागते. मस्जिद स्टेशनबाहेर मांडवीच्या गर्दीत हातगाड्या, गोण्या, मसाल्याचा वास चुकवत थोडं चाललं की सॅम्युएल स्ट्रीट लागतो. तिथे ‘शआर हारहमीम’ आहे. या हिब्रू नावाचा अर्थ दयेचं द्वार. ‘रहमीम’ हा शब्द ऐकून ज्याला ‘रहम’ आणि ‘रहीम’ आठवेल, त्याचं बरोबर आहे. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी आहेत.

हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग, 1796 मध्ये उभं राहिलेलं. बेने इस्राएल समाज त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आला. पुढे दुसरं झालं, तेव्हा त्याला ‘नवी मशीद’ म्हणू लागले. कोकणातल्या मराठी यहुद्यांना आपल्या प्रार्थनाघरासाठी मशीद हा शब्द परका वाटला नाही. मूर्ती नसलेलं, एकाच ईश्वराचं घर, त्याला गावात जो शब्द चालत होता तो त्यांनी घेतला. त्यांच्यात धार्मिक बाबींचा निवाडा करणाऱ्यालाही ‘काजी’च म्हणत. जमातीचा कारभार पाहणारा तो मुकादम, हेही नाव आपल्या ओळखीचं.

ती बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे दिव्याचे. मराठीत त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. ते इंग्रजी फौजेत अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानच्या कैदेत पडले. बेने इस्राएलांच्या घरोघर पुढची कथा सांगतात. कैद्यांना त्यांची जात विचारली गेली. दिवेकरांनी ‘बेने इस्राएल’ असं सांगितलं. ते टिपूच्या आईच्या कानावर गेलं. ज्या बनी इस्राईलचा उल्लेख कुराणात पुन्हा पुन्हा येतो, ते लोक आपल्या दाराशी आहेत हे कळताच तिने मुलाकडे त्यांच्या जिवाची रदबदली केली. जिवंत सुटलो तर ईश्वराचं घर बांधीन, असा दिवेकरांनी नवस केला होता. तो त्यांनी मुंबईत येऊन फेडला.

यात आख्यायिकेचा भाग किती, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनाघराच्या जन्मकथेत एका मुसलमान आईला जागा दिली आणि दोनशेहून जास्त वर्षं ती जपली.

सिनेगॉग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे सहज म्हणतात, हिंदूंचं मंदिर, ख्रिश्चनांचं चर्च, तसं यहुद्यांचं सिनेगॉग. हे अर्धंच खरं आहे. यहुदी परंपरेत मंदिर एकच होतं, जेरुसलेमचं. तिथे पुरोहित होते, कुर्बानी होती. ते पहिल्यांदा बाबिलोनच्या फौजांनी पाडलं, इसवी सनापूर्वी 586 मध्ये. पुन्हा बांधलेलं रोमनांनी सन 70 मध्ये जमीनदोस्त केलं. त्यानंतर मंदिर झालं नाही.

देवाचं घर गेलं, पुरोहिताचं काम संपलं, लोक देशोधडीला लागले. असा समाज विरून जायला हवा होता. तो टिकला, कारण जिथे असू तिथे एकत्र जमायचं, ग्रंथ वाचायचा आणि प्रार्थना करायची, ही रीत त्याने धरून ठेवली. सिनेगॉग हा ग्रीक शब्द, अर्थ ‘एकत्र येणं’. हिब्रूत त्याला ‘बेत क्नेसेत’ म्हणतात, म्हणजे जमण्याचं घर. आपला ‘जामा’ आणि ‘जमात’ हे शब्द त्याच अर्थाचे. मराठीतला ‘जमाव’ही तिथूनच आला.

या घराला आणखी दोन नावं आहेत. ‘बेत तफिला’, प्रार्थनेचं घर. आणि ‘बेत मिद्राश’, अभ्यासाचं घर. मिद्राश आणि मदरसा यांचं मूळ एकच. मदिनेत यहुद्यांचं असं अभ्यासघर होतं आणि प्रेषित मुहंमद (स.) तिथे गेल्याचे उल्लेख हदीसमध्ये आहेत. एकाच छताखाली नमाज, अभ्यास आणि समाजाची बैठक, ही कल्पना आपल्याला नवी नाही. मस्जिद-ए-नबवी आणखी वेगळी काय होती?

आत गेल्यावरही मुसलमानाला बावरल्यासारखं होत नाही. मूर्ती नाही, चित्र नाही. डोकं झाकायचं असतं. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत एक कपाट असतं, त्याला हेखाल म्हणतात. त्यात तोराच्या गुंडाळ्या असतात, चामड्यावर हाताने लिहिलेल्या, तीन लाखांवर अक्षरांच्या. एक अक्षर चुकलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. समोर एक दिवा सतत तेवत असतो. मध्यभागी कठडा केलेला चौथरा, तिथे उभं राहून तोरा वाचतात, सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी. वर्षभरात सगळी तोरा वाचून होते आणि ज्या दिवशी संपते त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. आणि कोकणातून, मुंबईतून जेरुसलेम पश्चिमेला आहे, मक्काही पश्चिमेला. सॅम्युएल स्ट्रीटवरचा यहुदी आणि शेजारच्या मोहल्ल्यातला मुसलमान, दोघेही पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात. आपला पहिला किब्ला तर जेरुसलेमच होता.

जीर्ण झालेले धर्मग्रंथ ते फेकत नाहीत. सिनेगॉगमध्ये साठवतात आणि मग दफन करतात, कुराणाच्या फाटक्या पानांचं आपण करतो तसंच. काहिरातल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये असा साठा शतकानुशतकं तसाच पडून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो उघडला, तेव्हा धर्मग्रंथांबरोबर लग्नाचे करार, कर्जाच्या चिठ्ठ्या, भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं, असे लाखो कागद निघाले. त्यातले कितीतरी अरबी भाषेतले, फक्त लिपी हिब्रू. म्हणजे सिनेगॉग ही समाजाची कचेरीही होती, न्यायालयही आणि दप्तरही.

कोकणातल्या यहुद्यांना त्याने काय दिलं

बेने इस्राएल समाज नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं मानतो. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा, पनवेल या भागात ते पसरले. तेलाचे घाणे चालवत. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ईश्वर एक आहे असं सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढं घराघरात आईबापांनी जपलं. एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात. पोहे, नारळ, गूळ, फळं. मलिदा हा शब्द दर्ग्यावर जाणाऱ्या कुणालाही वेगळा सांगायला नको.

म्हणजे सिनेगॉगशिवायही ते शतकानुशतकं यहुदी राहिले. पण प्रत्येक घर एकेकटं होतं. जुनी मशीद झाल्यावर घरांची जमात झाली. मग कोकणात आणि आसपास एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्याचं 1842 चं, पनवेलचं 1849 चं, आपल्या ठाण्याचं ‘शआर हाशामायीम’ 1879 चं. अलिबागच्या ‘मागेन आबोत’ची आजची इमारत 1910 ची आहे. तिथे हिब्रू शिकवली गेली, लग्नं लागली, भांडणं मिटली, विधवांना मदत मिळाली.

प्रार्थना हिब्रूत, बाकी सगळं मराठीत. पेसाह सणाला घरोघर वाचतात ती हग्गादा मुंबईत 1846 मध्येच मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तर बेने इस्राएलांमध्ये मराठी कीर्तनं सुरू झाली. आख्यान मोशेचं, योसेफाचं किंवा एस्तेरचं, बाज हरिदासी कीर्तनाचा. आपला धर्म आपल्या भाषेत सांगितला तर तो पातळ होतो, अशी भीती त्यांना वाटली नाही.

सगळंच काही आदर्श नव्हतं. बायकांना सनातनी सिनेगॉगमध्ये वरच्या सज्ज्यात किंवा वेगळ्या भागात बसावं लागतं आणि जमातीच्या संख्येत त्यांना धरत नाहीत. त्यावर उत्तरही याच समाजातून आलं. डॉ. जेरुशा झिराड, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या नामवंत डॉक्टर. त्यांनी 1925 मध्ये ज्युइश रिलिजिअस युनियन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. उदारमतवादी यहुद्यांची ही मुंबईतली जमात. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी बाई आपल्या धर्मात राहून प्रार्थनाघराची नवी घडी बसवत होती.

दहावा माणूस

सिनेगॉगच्या बाबतीत एक नियम मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. याला मिनियान म्हणतात. दहा नसतील तर तोराची गुंडाळी काढून वाचता येत नाही, मृतांसाठीची ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपापली प्रार्थना करावी आणि घरी जावं. उलट दहा जण जमले की इमारत नसली तरी चालते. कुणाच्या घरची बैठकीची खोलीसुद्धा त्या वेळेपुरती प्रार्थनाघर होते.

कोकणी मुसलमानाला हा हिशेब पटकन कळेल. आपण शाफई. जुम्याला चाळीस माणसं हवीत, हे लहानपणापासून ऐकतो. मशीद कितीही संगमरवरी असो, माणसं नसतील तर जुमा नाही.

1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. इथे कुणी छळलं म्हणून गेले नाहीत, हे ते स्वतः जगभर सांगतात. धर्माची ओढ होती, नोकरीचं आकर्षण होतं, आधी गेलेल्या नातेवाइकांचं बोलावणं होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आज भारतात जेमतेम काही हजार उरला आहे. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण कोकणातल्या सिनेगॉगांमध्ये रोजचे दहा जण कुठून आणायचे? सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात, दिवे लागतात, मराठीत गप्पा होतात. मग पुन्हा कुलूप.

जे गेले त्यांचंही ऐका. इस्राएलमध्ये त्यांना साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नं अडवली गेली. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारकडून बरोबरीचा हक्क मान्य करून घेतला. तिथल्या गावांत त्यांनी आपली वेगळी सिनेगॉग काढली, कारण त्यांना आपल्या चालीत प्रार्थना म्हणायची होती. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. इथे ते यहुदी म्हणून जमले, तिथे मराठी म्हणून. जमण्याची जागा दोन्हीकडे सिनेगॉगच.

आपली जबाबदारी

आता त्या मुलाच्या मुद्द्याकडे येतो. गाझात जे झालं त्याने माझीही झोप उडाली. इस्राएलच्या सरकारविरुद्ध बोलायचा, मोर्चात जायचा, फिलिस्तीनच्या बाजूने उभं राहायचा मला पूर्ण हक्क आहे आणि मी तो वापरतो. पण सॅम्युएल स्ट्रीटवर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणाऱ्या म्हाताऱ्याने तो बॉम्ब टाकलेला नाही. जगात कुठेही एखाद्या मुसलमान नावाच्या माणसाने स्फोट घडवला, की बदलापुरातल्या आपल्या पोरांकडे संशयाने बघितलं जातं. ते अन्यायाचं आहे, हे आपण छातीठोकपणे सांगतो. मग तोच न्याय इतरांना लावताना आपली जीभ का अडखळते? आपल्या बोलण्यात ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा येतो. कंजूष माणूस यहुदी, कारस्थानी माणूस यहुदी. ही सवय घरापासून मोडायला हवी.

26 नोव्हेंबर 2008 ला कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये यहुदी पाहुणे, त्यांचा रब्बी आणि त्याची पत्नी मारले गेले. मारणारे इस्लामचं नाव घेत होते. तेव्हा मुंबईच्या मुसलमानांनी जे केलं ते आपण मुलांना सांगत नाही. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. हे लोक आमचे नाहीत, हे सांगायला त्यांना कुणाच्या प्रमाणपत्राची गरज पडली नाही.

आणि धर्माचंच बोलायचं तर सूरह हज्ज काढून चाळिसावी आयत वाचावी. अल्लाहने माणसांच्या हाताने माणसांना रोखलं नसतं तर उद्ध्वस्त झाली असती अशा जागांची तिथे यादी आहे. मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनाघरं आणि मशिदी. मशिदीचं नाव सगळ्यांत शेवटी येतं. तिच्याआधी बाकीच्यांच्या इबादतगाहांचं रक्षण सांगितलं आहे. सिनेगॉगच्या नावाची पाटी उतरवा म्हणणारा या आयतीत कुठे बसतो?

याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. भायखळ्याला, जिथे आमची मुलं गाडी बदलतात, तिथे डेव्हिड ससून यांनी 1861 मध्ये बांधलेलं ‘मागेन डेव्हिड’ सिनेगॉग आहे. आवारात ससूनांच्या नावाची शाळा आहे आणि तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. कोलकात्यात यहुदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा त्यांची सिनेगॉग झाडून-पुसून ठेवणारे हात मुसलमानांचे होते, पिढ्यान्‌पिढ्या. दहावा माणूस आपल्याला होता येत नाही. पण त्याची वाट बघणाऱ्या घराची राखण करता येते.

शेजाऱ्याच्या घराकडे बघताना आपलंही दिसतं. आपल्या किती मशिदी आज अभ्यासाचं घर आहेत? पाच वेळा उघडतात आणि नमाज झाली की कुलूप. ज्या गावात घरोघर मराठी बोलतात, तिथे जुम्याचं बयान अशा उर्दूत होतं की मागच्या रांगेतली पोरं मोबाइल काढून बसतात. बेने इस्राएलांनी दीडशे वर्षांपूर्वी मराठीत प्रार्थना समजावली, आपण अजून त्यावर वाद घालतो. बायकांना मशिदीत नमाज पढायला मनाई नाही, असं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लेखी सांगितलं. तरी आपल्या भागात किती मशिदींत त्यांच्यासाठी वजूची जागा आहे? मशीद म्हणजे सजद्याची जागा हे खरं. पण जामा म्हणजे जमवणारी, हेही तितकंच खरं. तिला फक्त भिंती आणि मिनार मानलं, तर चाळीस माणसं उभी राहूनही जमात होणार नाही.

परवा तो मुलगा पुन्हा भेटला. पैजेचं काय झालं, मी विचारलं. म्हणाला, मित्रांना सांगितलं, कुणाचा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, मग एका रविवारी त्यांनाही घेऊन ये. भायखळ्याला उतरून स्लो पकडू, मस्जिदला उतरू. सॅम्युएल स्ट्रीटवर आधी परवानगी विचारू, टोपी आपल्या खिशात असतेच.

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, “चाचा, तिथे चपला बाहेर काढायच्या का?”

मी म्हटलं, “दारात उभं राहून विचारू. ते सांगतील, मराठीत सांगतील.”